दुसरा हातमोजा

आटपाट समुद्र होता. थंडीत त्याचा दगड व्हायचा आणि माणसं त्याच्यावरून चालत जायची, असा समुद्र. त्यात एक बेट होतं. बेटावर एक लाकडी घर होतं. घरात तिघीजणी नांदत होत्या. म्हातारी लेइडा, तिची लेक काद्री, आणि काद्रीची पाच वर्षांची पोर तूली. मुलखाचं नाव एस्टोनिया. काद्रीचा नवरा मात्र आपल्याकडचा, निरंजन. जहाजावरची इंजिनं सांभाळायचा. अर्धं वर्ष पाण्यावर, अर्धं घरी.

आणि इकडे देवरुखात, चार खोल्यांच्या घरात, एकटाच एक माणूस राहत होता. निरंजनचा बाप, त्र्यंबकमास्तर.

मास्तरांनी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं. पोरानं शब्द चुकवला तर छडी नाही, शिवी नाही. नुसतं म्हणायचे, “पुन्हा म्हण. नीट म्हण.” बरोबर येईपर्यंत. गावात त्यांचं नावच पडलं होतं, पुन्हा-म्हण मास्तर.

शाळेतली पोरं पाच वाजता सुटायची. निरंजन सुटायचा नाही.

जेवताना, अंघोळीला जाताना, आईजवळ लाडूचा तुकडा मागताना… “पुन्हा म्हण.” पोर अडखळायला लागलं. अडखळलं की बाप त्याचा शब्द स्वतःच पुरा करून टाकायचा. मग पोरानं बोलणंच आवरतं घेतलं. मोठा झाला, लांब गेला, आणि बापाला ओ की ठो कळणार नाही अशा भाषेत संसार मांडून बसला. दिवाळीला फोन यायचा. “बा… बाबा, बरे आहात?” की ठेवला.

मास्तरीण गेली, आणि चार खोल्यांचं घर राजवाड्याएवढं वाटायला लागलं.

सून एकदा फोनवर इंग्रजीत म्हणाली, “या. निरंजन वसंतात येईल. तोवर राहा. तो आला की पुढचं त्याला ठरवू दे.”

मास्तर निघाले. मनाशी पण करून निघाले. मुलगा बोटीतून उतरेल तेव्हा त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायचं, एकही चूक न करता. मग बघू ‘जा’ कसा म्हणतो.

आता शिकवणार कोण? तर घरातच होती. लेइडानं बेटावरच्या शाळेत हयात काढली होती. म्हणजे व्याह्यानं विहिणीपुढं पाटी धरायची. आपल्याकडे विहिणीच्या पानात मीठ वाढतानासुद्धा माणूस दहादा विचार करतो. पण गरज होती. मास्तर बसले तिच्यापुढं.

“नियम काय?” पहिल्याच सकाळी विचारलं. दोघांनाही येत होती ती मोडकी इंग्रजी, ओढ्यावरच्या साकवासारखी मध्ये टाकलेली.

लेइडा विणत होती. सुया थांबवल्या नाहीत.

“नाम जाईल तिथं विशेषणानं जायचं. नाम आत गेलं की आत. बाहेर पडलं की बाहेर.”

“एवढंच? हे आमच्यातही आहे. मोठं घर, मोठ्या घरात. विशेषण नामापुढं वाकतं. मला नवीन नाही.”

“नाही ना?”

“नाही.”

“मग चल, लाकडं आणू.”

लाकडांच्या खोपीचं दार बुटकं होतं. मास्तरांचं कपाळ चौकटीवर असं आपटलं की छपरावरचा कावळा उडून गेला.

लेइडानं ओल्या फडक्याची घडी त्यांच्या कपाळावर धरली. हळूच धरली, पोराच्या धरावी तशी.

“वाकतं म्हणालास ना…” एवढंच म्हणाली.

लाकडं उचलता उचलता मास्तरांची बोटं गारठून गेली. घरात आल्यावर लेइडानं टोपलीतून एक करडा हातमोजा काढला आणि त्यांच्या उजव्या हातात चढवला. लोकरीचा, मऊ, मनगटावर बारीक चांदणी विणलेली.

मास्तरांनी डावा हात पुढं केला.

“दुसरा?”

“होईल,” लेइडा म्हणाली.

त्या दिवसापासून मास्तरांनी भाषेला हात घातला. आपल्याकडे विभक्त्या आठ, त्यांच्याकडे चौदा. आणि बहुतेक विभक्त्यांत नामाबरोबर विशेषणाचंही शेपूट बदलायचं. तिकडे घराला ‘माया’ म्हणतात. ‘सूर माया’ म्हणजे मोठं घर. मास्तर सकाळी उठून, हात पाठीमागं बांधून, चुलीपासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालायचे. सूर माया, सूरे माया, सूर्त माया… लहानपणी रामरक्षा म्हणायचे त्याच ठेक्यात. काद्री भाकरीचं काळं पीठ मळता मळता हसू दाबायची. तूली तर त्यांच्या मागं मागं हात पाठीशी बांधून चालायची. मास्तर वळले की तीही वळायची.

तिनं त्यांना नावही दिलं होतं. आजोबा म्हणता येईना, म्हणून नुसतं आजो.

पहिला बर्फ पडला तोवर चौदाच्या चौदा मास्तरांना तोंडपाठ झाल्या होत्या. एक दिवस विहिणीसमोर ताठ बसले आणि सुरू झाले. मोठं घर. मोठ्या घरात. मोठ्या घरातून…

“थांब,” लेइडा म्हणाली. “बाहेर जा.”

“चुकलं?”

“नाही. ‘घरातून’ म्हणतोस आणि खुर्चीत बसलास.”

मास्तरांना थट्टा वाटली. पण गुरूची आज्ञा. गेले. बर्फात उभे राहिले, डावा हात खिशात कोंबून, आणि बंद काचेतून ओरडून म्हणाले, “मोठ्या घरातून.”

आत तूली हसून हसून जमिनीवर लोळली. ते हसू मास्तरांनी काचेतून पाहिलं. निरंजनचं असं हसू आठवून पाहिलं… आठवेना.

आत आल्यावर ते म्हणाले, “विहीणबाई, मी एवढा बोलतो, तुम्ही माझी एकही चूक सांगत नाही.”

“काल चुकलास का?”

“चुकलो. दोनदा.”

“मग तुला कळलंय की.”

“पण शिक्षकानं सांगायला नको?”

लेइडानं सुई लोकरीच्या गुंड्यात खोचली. “चहा घेतोस?” म्हणाली.

मास्तरांना वाटलं, म्हातारी चांगली आहे, पण हिला शिकवता येत नाही. विणकामातही सावकाश. एक हातमोजा अजून होत नाही.

मग ती सकाळ आली.

तूली खेळायला निघाली होती. टोपी घातली, बूट घातले, हातमोजे घातले. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला निळा.

मास्तर दारात आडवे आले. हसतच आले. हातमोज्यांकडे बोट दाखवून त्यांच्या नव्या भाषेत, अगदी शुद्ध म्हणाले, “लाल हातमोजा. लाल हातमोजा. जोडी.”

तूलीनं मान हलवली. नाही.

मास्तरांनी तिच्या डाव्या हातातला निळा काढला आणि दाराशेजारची पेटी उपसायला लागले. दुसरा लाल शोधायला. टोप्या निघाल्या, मोजे निघाले, लाल काही निघेना.

“दे,” तूली म्हणाली. “दे ना आजो. दुसरा निळा बाबाचा मोठा हातात आहे.”

मास्तरांचा हात पेटीतच थांबला. मान वर झाली. जन्मभराची सवय ती. कान टवकारले आणि तोंड उघडलं, आणि नव्या भाषेतून आलं नाही, आलं ते देवरुखचं.

“पुन्हा म्हण. नीट म्हण.”

पोर बघत राहिली. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला.

मास्तरांनी तिला मदत केली. हळू, एकेक शेपूट जोडून. “बाबाच्या. मोठ्या. हातात. म्हण.”

तूलीनं तोंड उघडलं…

मिटलं.

निळा हातमोजा त्यांच्या हातातच ठेवून ती तशीच बाहेर गेली. एक हात लाल, एक उघडा.

काद्री चुलीपाशी होती. तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. मग ती म्हणाली, “तुमच्या भाषेतले थोडेच शब्द मला येतात. हे येतात. निरंजन झोपेत म्हणतो.”

मास्तरांनी हातातल्या निळ्या हातमोज्याकडे पाहिलं.

“अर्थ कधी सांगितला नाही त्यानं,” काद्री म्हणाली. “आज कळला.”

आणि ती पोरीच्या मागं हातमोजा घेऊन गेली.

त्या दिवसापासून तूलीनं आजोपुढं मिठाची गुळणी धरली. रुसली नव्हती. मास्तरांनी हाक मारली की यायची, मान हलवायची, पाणी आणून द्यायची. पण मागं मागं चालणं बंद. शब्द बंद. दुसरीकडे बडबडायची आणि मास्तर खोलीत आले की बोलणं पायरीवर काढून ठेवल्यासारखं थांबायचं.

हे असलं थांबणं मास्तरांनी आधी पाहिलेलं होतं. देवरुखच्या घरात. वर्षानुवर्षं. तेव्हा त्याला ते वळण म्हणायचे.

दोन-चार दिवस सोसलं. मग विहिणीपाशी येऊन बसले.

“काय चुकलं माझं? मी ओरडलो नाही. हात उगारला नाही. बरोबर तेच सांगितलं.”

सुया चालत होत्या.

“ती काय म्हणाली होती?” लेइडानं विचारलं.

“विशेषणाला प्रत्यय लावला नाही. नामाला—”

“ते नाही. म्हणाली काय?”

मास्तरांनी घसा साफ केला. पाठ म्हणावा तसं, एकही चूक न करता म्हणाले, “दुसरा निळा… बाबाच्या मोठ्या हातात…”



सगळी वाक्यं त्यांनी आजवर कानानं तपासली होती. हे पहिलंच त्यांच्या स्वतःच्या तोंडून आत उतरलं.

लेइडा म्हणाली, “दोन लहान विणले, दोन मोठे. तिच्या डाव्याला निळा, त्याच्या उजव्याला निळा. हात धरून चालली की जोडी लागते. तो नसतो तेव्हा पोर अर्धी जोडी घालून हिंडते.”

चुलीतलं लाकूड जळून खाली बसलं.

मास्तर उठले. खोलीत गेले आणि बॅग भरायला लागले. धोतरं, सदरे, औषधाची डबी. निरंजन येण्याआधी निघून गेलेलं बरं. त्याला दारात कशाला ठरवायला लावायचं?

बॅग घेऊन बाहेर आले. “मी जातो, विहीणबाई.”

“कुठून?”

सवयीनं तोंडातून निघून गेलं. “मोठ्या घरातून.”

लेइडानं पहिल्यांदा विणकाम मांडीवर ठेवलं.

“जायला आधी आत यावं लागतं,” ती म्हणाली. “तू कधी आलास?”

मास्तर बॅग हातात धरून उभे. बॅग जड होती, पण खाली ठेवावी हेही सुचेना.

लेइडा उठली. त्यांच्या हातातून बॅग घेतली, दारामागं ठेवली. टोपलीतून करड्या लोकरीची मोठी लड काढली. कोकणात जानव्याचं सूत गुंडाळताना एकानं धरायचं आणि एकानं गुंडाळायचं, तसंच तिकडे लोकरीचं. तिनं मास्तरांना जमिनीवर बसवलं. दोन्ही हात पुढं करायला लावले. त्या हातांवर लड चढवली. मग आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, “तूली.”

पोर आली. दारात थबकली.

आजीनं लोकरीचं टोक तिच्या हातात दिलं. एक शब्द बोलली नाही. जाऊन खुर्चीत बसली.

तूली गुंडाळायला लागली.

मास्तरांनी हात खांबासारखे ताठ धरले होते. काम नीट व्हावं म्हणून. दोन वेटोळी निघाली आणि धागा अंगठ्याशी अडकला. तूली थांबली. मास्तरांनी झटक्यानं सोडवला. पुन्हा दोन वेटोळी, पुन्हा अडकला. यावेळी त्यांनी ओढला, तर तुटला.

तूलीनं त्यांच्याकडे पाहिलं. आता हा म्हणणार, पुन्हा, असं तिच्या डोळ्यांत होतं.

मास्तर काही म्हणाले नाहीत. हात अडकलेले होते. जीभही.

पोरीनं तुटलेली टोकं गाठ मारून जोडली. वाकडी गाठ. पुन्हा गुंडाळायला लागली. आणि मग मास्तरांच्या ध्यानात आलं. ती ओढते त्या बाजूला हात थोडा कलला, की धागा आपोआप सुटतो. उजवीकडे ओढलं की उजवा खाली. डावीकडे ओढलं की डावा. आपण काही करायचं नाही. तिच्या मागं मागं जायचं.

खांब हलायला लागले. मग डुलायला लागले. लोणी काढताना रवी इकडून तिकडे फिरते, तसे ते दोन म्हातारे हात पोरीच्या लयीत फिरायला लागले.

गुंडा मोठा होत गेला. आणि तूली, काम करताना पोरं बोलतात तशी, बोलायला लागली. आजोशी नाही. लोकरीशी. बोक्याबद्दल काही, बर्फातल्या खड्ड्याबद्दल काही, बाबाच्या जहाजात किती माणसं झोपतात त्याबद्दल. प्रत्येक वाक्यात निदान एक शेपूट चुकीचं. मास्तरांना एकही ऐकू आलं नाही. बोका ऐकू आला, खड्डा ऐकू आला. जहाजात झोपलेली माणसं ऐकू आली, आणि त्यांतला एक.

वाकडी गाठ आली आणि लोकर अडली. मास्तर तिच्या बोटांकडे बघत होते. नकळत म्हणून गेले, “मोठा गाठीत अडकलं.”

तूलीचा हात थांबला.

“मोठ्या,” ती पुटपुटली.

मास्तरांनी मान वर केली. ओठ हलले. आणि आले ते तेच दोन शब्द.

“पुन्हा म्हण…”

चुलीपाशी काद्री गर्रकन वळली. लेइडाच्या सुया थांबल्या.

पण सूर तो नव्हता. देवळात पुजारी तीर्थ देतो तेव्हा माणूस ओंजळ पुढं करतो ना, तसा होता.

तूलीनं म्हाताऱ्याला नीट न्याहाळलं.

“मोठ्या,” ती म्हणाली. जरा मोठ्यानं.

“मोठ्या,” मास्तर म्हणाले.

पोर खुदकन हसली. तिला तो खेळच वाटला. आणि ते दोन मराठी शब्द तिनं लगेच उचलले, पोरं चमकती गोष्ट उचलतात तसे. बोट रोखून म्हणाली, “आजो. पुन्हा म्हण.”

“मोठ्या गाठीत.”

“पुन्हा म्हण.”

लड संपली तरी दोघं बसलेलीच.

नंतर लेइडानं विचारलं, “मुद्दाम चुकलास?”

“नाही हो. तिच्या हाताकडे बघत होतो.”

“बरं,” लेइडा म्हणाली. आणि पुन्हा विणायला घेतलं.

मास्तरांनी करड्या गुंड्याकडे पाहिलं. “हा दुसऱ्या हातमोज्याचा ना?”

“बघू.”

थंडी सरत आली. आता घरात दिवसभर एकच गजर. आजो, पुन्हा म्हण. भाकरी, पुन्हा म्हण. काळी भाकरी, काळ्या भाकरीवर, पुन्हा म्हण. मास्तर देवरुखच्या शाळेत जेवढे चुकले नव्हते तेवढे एका हिवाळ्यात चुकले. अर्ध्याअधिक वेळा गुरूच चुकलेली असायची, आणि शिष्य तिच्याबरोबर चुकीचंच म्हणायचा. लेइडा शेजारी बसून ऐकायची. एक अक्षर बोलायची नाही.

एप्रिल लागला. समुद्राचा दगड पुन्हा पाणी झाला. निरंजनची बोट येणार अशी बातमी आली.

काद्रीनं त्याला आधीच कळवलं होतं, बाबा आलेत म्हणून. तो फोनवर नुसतं “बरं” म्हणाला होता. त्या ‘बरं’चा अर्थ काही केल्या तिला लागला नव्हता. मास्तरांनाही लागला नव्हता. त्या सकाळी त्यांनी चहाला हात लावला नाही. बॅग दारामागं होती तिथंच होती. तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

धक्क्यावर सगळे गेले. वारा अंगाला झोंबत होता. मास्तरांच्या उजव्या हातात करडा हातमोजा, डावा खिशात.

वाक्य तयार होतं. सबंध हिवाळा घोटलेलं. माझ्या लाडक्या मुलाला, त्याच्या मोठ्या घरात, असं काहीसं. सगळी शेपटं जागच्या जागी.

बोट लागली. माणसं उतरली. शेवटी एक उंच माणूस उतरला. खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली. उजव्या हाताला निळा हातमोजा, डाव्याला लाल.

तूली धावत गेली. त्यानं तिला उचललं, गरागरा फिरवलं, खाली ठेवलं. आणि मग त्याला बाप दिसला.

तो उभा राहिला. बाप उभा राहिला. मध्ये चार पावलांची फळकुटं.

मास्तरांनी तोंड उघडलं.

शब्द आला नाही. चौदातली एकही विभक्ती आली नाही. ओठ नुसते हलले…

तूलीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आजोचा धडा अडलाय हे तिनं ओळखलं. आजोच्या कोटाला धरून, लाडानं म्हणाली, “आजो, पुन्हा म्हण.”

निरंजन दचकला.

ते शब्द त्याच्या पोरीच्या तोंडात. आणि समोर बाप, मान खाली घालून, शिकाऊ पोरासारखा, शब्द शोधत उभा.

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते सांगता यायचं नाही. मग तो बोलायला गेला.

“बा… बा…”

अडला. लहानपणी अडायचा तिथंच.

मास्तरांना पुढचा शब्द ठाऊक होता. बापाला नाही तर कुणाला ठाऊक असणार? तो त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता.

त्यांनी ओठ मिटले. खिशातला डावा हात बाहेर काढला आणि वाट बघत राहिले.

“बा…”

लाटा फळ्यांवर आपटत होत्या. बोटीवरची माणसं दोर गुंडाळत होती. काद्रीनं आईचा दंड धरला होता. कुणाला घाई नव्हती. मास्तरांना तर मुळीच नव्हती. इतकी वर्षं घाई करून झाली होती.

“…बाबा,” निरंजन म्हणाला. “जे… जेवलात का?”

“नाही रे,” मास्तर म्हणाले. “तुझी वाट बघत होतो.”

निरंजननं दाढी पुसली. डोळे पुसले म्हणावं तर वाराही होता.

“मग च… चला घरी.”

तूली मध्ये आली. डावा निळा हात बाबाच्या निळ्या हातात दिला. लागली जोडी. मग उजवीकडे वळली. आजोचा डावा हात तिथं लोंबत होता, उघडा, थंडीनं लाल झालेला. तिनं आपला लाल हातमोजा दातांनी ओढून काढला, कोटाच्या खिशात टाकला, आणि उघडा हात उघड्या हातात दिला.

तिघं तशीच घरापर्यंत चालत गेली, सावकाश; काद्री आणि लेइडा कधीच पुढं गेल्या होत्या. दारात मास्तर वाकून आत शिरले. दार काही बुटकं नव्हतं.

त्यांची बॅग दारामागून कुणी हलवली ते कळलं नाही. खोलीत जाऊन पाहतात तो धोतरं कपाटात लागलेली.

पुढं त्या घराला चांगले दिवस आले. निरंजनला बेटावरच्याच फेरीबोटीवर काम मिळालं. सकाळी जायचं, दिवेलागणीला घरी. पोरीला तो मराठीतून गोष्टी सांगायला लागला, अडखळत सांगायचा, आणि ती तोंडाचा आ करून ऐकायची, कारण अडखळलं की गोष्ट लांबते. मास्तर अर्धं वर्ष देवरुखला, अर्धं बेटावर. पुढच्या पावसाळ्यात सगळी मंडळी देवरुखला आली, तेव्हा चार खोल्या पुरेनात, पडवीत अंथरुणं घालावी लागली. ज्याला त्या घरी बोलणं सुचलं, त्याला ऐकणारं मिळालं. तसं तुम्हां-आम्हांलाही मिळो.

आणि बेटावर पुन्हा थंडी आली, पुन्हा पहिला बर्फ पडला. लेइडा खिडकीशी विणत बसली होती. मास्तर बाहेरून आले, तूलीचा हात धरून. उजव्या हातात तोच करडा हातमोजा.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “किती दिवस तुम्हाला विचारून विचारून छळलं. आता तो दुसरा हातमोजा राहू द्या. नको मला.”

लेइडानं चष्म्यावरून पाहिलं. आधी त्यांच्याकडे, मग त्या धरलेल्या हाताकडे.

“विणायला घेतलाच कुठं होता,” ती म्हणाली.